जासुदांची वाट

देगलूराहून उदगीरकडे निघालें कीं वाट हळूहळू बालाघाटच्या टेकड्यांवर चढूं लागते. या उदगीर-औसा भागांत 3 फेब्रुवारी 1760 रोजीं सदाशिवरावभाऊंनीं निजामाच्या फौजेस नमविलें व सुमारें साठ लाख उत्पन्नाचा मुलूख मिळविला. परंतु त्यापूर्वींच, 10 जानेवारीस, दत्ताजी शिंदे दिल्लीजवळ बुराडी घाटावर पडले होते. विजयाच्या दिवशीं ती वार्ता दक्षिणेंत पोंचलीच नव्हती. ती अजून वाटेंत होती. पंधरा दिवस आधीं ती येती, तर निजाम इतका नमता काय?

अशा वार्ता जासूद पायीं आणीत. ते बहुधा दोघे मिळून जात, म्हणून जुन्या पत्रांत ‘जासूदजोडी’ हा शब्द वारंवार भेटतो. एक वाटेंत आजारी पडला तरी दुसरा पुढें जाऊं शके.

ही विद्या त्याहून जुनी आहे. चौदाव्या शतकांत इब्न बतूतानें महंमद तुघलकाची पायडाक पाहिली. मैलाचे तीन भाग करून प्रत्येक टप्प्यावर माणसें सज्ज असत. धांवणाऱ्याच्या काठीस तांब्याचे घुंगरूं बांधलेले असत; त्यांचा नाद कानीं पडतांच पुढचा गडी कंबर कसून उभा राही. घोड्यांच्या डाकेपेक्षां ती जलद, असें तो सांगतो.

पानिपतचा घात 14 जानेवारी 1761 रोजीं झाला. भेलशाकडे असलेल्या नानासाहेब पेशव्यांस तो कळावयास सुमारें दहा दिवस लागले. सेनापतींचीं नांवें इतिहासानें जपलीं, जासुदांचीं फारशीं नाहींत. तथापि राज्याची दृष्टि त्यांचे पाय पोंचत तेवढीच दूर जात असे.