अंगालगतचे वस्त्र

पहिल्या पाळीच्या आधी, पहाटे साडेपाचला, पिंपरी-चिंचवडच्या कुठल्याही कामगारवस्तीतून चालत जा. नळाशी, दारात, चहाच्या टपरीवर पुरुष बनियनवर उभे दिसतात. थोड्या वेळाने कंपनीची बस येते, तेव्हा त्याच पुरुषांच्या अंगावर शर्ट असतो आणि बनियन नाहीसा झालेला असतो. म्हणजे तो असतोच, दिसत नाही इतकेच. इतिहासातही त्याचे तसेच झाले आहे. पगडी, फेटा, टोपी, शेरवानी यांवर पुष्कळ लिहिले गेले. दिवसभर घाम टिपणाऱ्या कापडाबद्दल कुणाला काही लिहावेसे वाटले नाही.

आमच्या वर्गातल्या एका मुलाने थंडीच्या दिवसांत विचारले, "सर, शर्ट है ना, फिर बनियन कायकू?" वर्ग हसला. आम्हीही हसलो, पण उत्तर सुचले नाही. आईवडिलांनी घालायला लावला म्हणून आपण घातला, याखेरीज आमच्याकडेही कारण नव्हते. पुढचे लिहिणे त्या प्रश्नाचे देणे आहे.

सुरुवात शब्दांपासून केली, कारण भाषा शिकवणाऱ्याचा हात आधी तिकडेच जातो. बनियन हा शब्द वाण्याचा. पोर्तुगीज आणि इंग्रज गुजराती वाणी व्यापाऱ्यांना 'बनियन' म्हणत. पुढे सतराव्या-अठराव्या शतकांत युरोपातले श्रीमंत लोक घरात एक सैल, हिंदुस्थानी वळणाचा झगा घालू लागले, त्यालाही तेच नाव पडले. १८८६ साली निघालेल्या यूल आणि बर्नेल यांच्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात मात्र बनियन म्हणजे आत घालायचा सदरा, असा अर्थ नोंदलेला आहे. वाण्याचे नाव विलायतेपर्यंत गेले, आणि या प्रवासात वरचे वस्त्र आतले झाले. जुन्या मराठी घरांत 'गंजीफ्रॉक' म्हणत, तो शब्द तर समुद्रावरून आलेला. इंग्लिश खाडीत गर्न्सी नावाचे बेट आहे, तिथल्या कोळ्यांचा विणलेला लोकरी अंगरखा म्हणजे गर्न्सी फ्रॉक. त्याचाच गंजीफ्रॉक झाला, आणि बिहार-उत्तर प्रदेशातून आलेला आमचा शेजारी त्याला अजून नुसते 'गंजी' म्हणतो.

'विणलेला' या शब्दावर थोडे थांबले पाहिजे. आपल्याकडे बंडी होती, कोपरी होती, फारसी 'पैराहन'पासून आलेली पैरण होती. ती सगळी मागावरच्या कापडातून बेतून शिवलेली. मावळात आणि खेड-चाकणकडे म्हातारी माणसे बंडी उघड्या अंगावर घालत आणि तीच त्यांचे वरचे वस्त्र असे. तिच्या आत आणखी काही घालायची कल्पना शेतकऱ्याला नव्हती. बनियनचे कापड मात्र सुताच्या फासात फास अडकवून यंत्रावर विणतात. म्हणून ते ताणते, अंगासरशी बसते आणि शर्टाखाली गोळा होत नाही. आतला आणि वरचा असे दोन कपडे कष्टकऱ्याला परवडू लागले ते या यंत्रामुळे.

श्रीमंतांची आणि धर्मपरायणांची गोष्ट वेगळी. पारशी समाजात नवज्योतपासून अंगाला लागून मलमलीचा पांढरा सुद्रा घालतात आणि त्याच्या गळ्याशी 'गिरेबान' नावाची चिमुकली पिशवी असते. आमच्या उर्दूत गिरेबान म्हणजे गळपट्टी, आणि गिरेबानात डोकावणे म्हणजे स्वतःला तपासणे. अरबीत तर दोन स्वतंत्र शब्दच आहेत. केसांना, म्हणजे अंगाला लागून असते ते 'शिआर' आणि त्यावरून पांघरायचे ते 'दिसार'. हुनैनच्या लढाईनंतर पैगंबरसाहेबांनी मदिनेच्या अन्सारांना शिआरची आणि बाकीच्यांना दिसारची उपमा दिली, ही हदीस आमच्याकडे पुष्कळांना माहीत असते. सगळ्यांत जवळचा माणूस म्हणजे अंगालगतचे वस्त्र. उर्दूत शिआर या शब्दाचा अर्थ पुढे 'रीत, वागणे' असा झाला, आणि मुले तो पाठ करतात तेव्हा मुळात ते एक कापड होते हे त्यांच्या गावीही नसते.

आता पिंपरीकडे येऊ. १९५४ साली इथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्या दशकात आकुर्डी, चिंचवड, भोसरी या गावांच्या शेतांत कारखाने आले. १९७२च्या दुष्काळाने मराठवाड्यातली माणसे इकडे लोटली. त्यांत आमच्या समाजातलेही कितीतरी होते. बंडी घालून आलेल्या या माणसाला कारखान्याने शर्ट दिला. यंत्राच्या फिरत्या भागात सैल कापड अडकले तर हात जातो. १९४८च्या कारखाने कायद्याच्या कलम २२मध्ये, चालू यंत्राची तपासणी किंवा तेलपाणी करणाऱ्या कामगाराचे कपडे घट्ट असावेत आणि ते मालकाने पुरवावेत, अशी तरतूद होती. बंडी आणि धोतर गेले ते फॅशनमुळे नव्हे.

त्याच काळात टेरिकॉट आले. ते टिकाऊ, इस्त्री न मोडणारे आणि लवकर वाळणारे, म्हणून कामगाराच्या बायकोला ते फार आवडले. पण त्याचा एक दोष होता. सुती धागा साध्या हवेतूनच आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के ओलावा धरतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. धाग्यात पॉलिएस्टर जितके जास्त, तितका घाम कपड्याऐवजी अंगावर राहणार. शिवाय पांढरे टेरिकॉट पातळ, आतले अंग दिसणारे. ही दोन्ही कामे बनियनने अंगावर घेतली. तो घाम टिपू लागला आणि अंग झाकू लागला. हिशेबही सोपा होता. शर्ट दोन, बनियन तीन. बनियन रोज पिळून दोरीवर टाकता येतो आणि शर्ट आणखी एक दिवस चालतो. भट्टीजवळ काम करणाऱ्याच्या शर्टावर मिठाचे पांढरे नकाशे उमटतात, ते बनियन असला की उशिरा उमटतात. आमच्या मते त्या मुलाच्या प्रश्नाचे खरे उत्तर हेच. आतला कपडा वरच्या कपड्यासाठी झिजतो.

हा बनियन येत होता कुठून? कलकत्ता, लुधियाना आणि मुख्यतः तमिळनाडूतले तिरुप्पूर. तिरुप्पुरातल्या या धंद्याचा मूळपुरुष म्हणून गुलाम कादर यांचे नाव घेतले जाते. कलकत्त्यात विणाईची यंत्रे पाहून त्यांनी गावी 'बेबी निटिंग इंडस्ट्रीज' काढली, असे तिथला इतिहास सांगतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली ही गोष्ट. देशभर पुरुषांच्या अंगाला लागून असलेल्या कापडाच्या मागे हे नाव आहे, हे आमच्या मुलांच्या कुठल्याही धड्यात नाही. असावे असे आम्हांला वाटते.

बनियन झाकलेला असतो तोवर सभ्य आणि उघडा पडला की असभ्य. हा नियम कुठून आला? हनफी फिकहमध्ये 'सियाबे-बिझला' म्हणून एक वर्ग आहे. जे घालून माणूस प्रतिष्ठितांपुढे जाणार नाही, ते कामाधंद्याचे कपडे. दुसरे कपडे असताना अशा कपड्यांत नमाज पढणे मकरूह मानले आहे. नुसत्या बनियनवरच्या नमाजीबद्दल आलिम हाच आधार देतात. पण 'दुसरे असताना' ही अट विसरता कामा नये. ज्याच्यापाशी तेवढेच आहे त्याच्यावर ठपका नाही. लोकांना ही अट आठवत नाही. दुपारी कामावरून तसाच धावत आलेल्या एका हमालाला मागच्या सफेत उभे राहताना लोकांनी ज्या नजरेने पाहिले, ती आम्ही पाहिली आहे.

२०२५च्या पावसाळी अधिवेशनात तर बनियन विधानभवनाच्या पायऱ्यांवर पोहोचला. आमदार निवासाच्या उपाहारगृहात एका आमदाराने बनियनवरच केलेल्या मारहाणीचा निषेध म्हणून विरोधी आमदार बनियन आणि टॉवेल घालून उभे राहिले. 'चड्डी-बनियन गँग' हे शब्द वर्तमानपत्रांत होतेच. निषेध योग्यच होता. पण आमच्या गल्लीतली निम्मी माणसे रोजचा पहिला चहा ज्या वेषात पितात, तो वेष गुंडांचा ठरल्याचे पाहून थोडे वाईट वाटले.

चाकणला चित्र बदलते आहे. शाहिस्ताखानाच्या १६६०च्या वेढ्याने आणि कांद्याच्या बाजाराने ओळखले जाणारे हे गाव १९९०नंतर मोटारींचे झाले. १९९९ साली बजाज आणि २००९ साली फोक्सवॅगन इथे आली. आता ठेक्यावर आलेल्या पोराला अनेक ठिकाणी पॉलिएस्टरचा टी-शर्ट मिळतो. तो बनियनसारखाच विणलेला. त्याच्या आत आणखी एक थर नको वाटतो, म्हणून पोरे बनियन घालत नाहीत. एक माजी विद्यार्थी सांगत होता, "सर, वो टी-शर्टमेच सोता मैं." आतले आणि बाहेरचे, घरचे आणि कंपनीचे, हा भेद त्याच्यापुरता मिटला आहे. खोलीत आठ जण, पाळ्या वेगवेगळ्या, दोरी एकच. बनियन वाळत घालायला तरी जागा कुठे?

जुन्या बनियनचे मात्र मरण पिंपरी-चिंचवडमध्येच होते. फाटल्यावर आधी तो घरात फडके होतो. आणि तिरुप्पूरची कातरणे, देशभरचे जुने होजिअरी कापड गासड्यांतून इथल्या कारखान्यांत येते. त्याला इथे 'वेस्ट' म्हणतात. लेथवरचे, प्रेसवरचे तेल पुसायला त्याच्यासारखे कापड नाही, कारण ते पिते. कुदळवाडीच्या भंगारबाजारातली हजारो बांधकामे महापालिकेने फेब्रुवारी २०२५मध्ये पाडली. तिथे पोट असलेल्या घरांतली काही मुले आमच्या वर्गात होती. त्यातली दोन पुन्हा आली नाहीत. बनियन कायकू, असे विचारणारा मुलगा त्यांच्यातलाच एक.