परातीतले पाणी आणि 'रामदास'

सोलापूरच्या नवी पेठेतील मुलांना समुद्र दूरचा. पण उजनी जिल्ह्यातलीच. 21 मे 2024 रोजी कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी वादळात उलटून 6 जण बुडाले. म्हणून होडी का उलटते हे दाखवायला आम्ही वर्गात एक टब आणि पत्र्याची चौकोनी परात घेऊन बसलो. रिकामी परात कडेला दाबून सोडली की सरळ होई. तिच्यात पेलाभर पाणी ओतून तेवढीच दाबली, तर पाणी तिकडेच धावले आणि परात कलली ती कललीच.

17 जुलै 1947 च्या सकाळी भरपावसात 'रामदास' आगबोट मुंबईहून रेवसला निघाली. काशाच्या खडकाजवळ लाटेने ती कलली, घाबरलेले प्रवासी एका बाजूला धावले आणि बोट उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते; मुंबईला बातमी कळायला दुपार उलटली. परातीत पाण्याने केले तेच येथे गर्दीने केले.

तराफा, म्हणजे बार्ज, रुंद आणि सपाट असल्याने मुळात स्थिर असतो. पण त्यावर खोल्या, यंत्रे, टाक्या चढवल्या की गुरुत्वमध्य वर सरकतो. तो नेमका कुठे आला हे काढण्याची रीत मोठी शालेय आहे: डेकवर माहीत असलेले वजन आडवे सरकवायचे आणि टांगलेला ओळंबा किती हलला ते मोजायचे. या गणिताचा पाया फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर बुगे यांनी 1746 च्या ग्रंथात घातला.

आत शिरलेल्या पाण्याचे वजन वाईट, पण त्याचे धावणे अधिक वाईट. हा परिणाम पाण्याच्या पृष्ठभागाच्या रुंदीच्या घनाप्रमाणे वाढतो. मधोमध एक उभी भिंत घातली, की प्रत्येक अर्ध्यात तो एक अष्टमांश, दोन्ही मिळून एक चतुर्थांश! तळातील जलरोधक कप्प्यांना म्हणूनच एवढे महत्त्व. मे 2021 च्या तौक्ते वादळात मुंबई हाय भागातील कामगारांच्या वस्तीचा 'पी-305' तराफा नांगर सुटून तेलफलाटावर आदळला, पाणी शिरून 17 मे रोजी बुडाला. त्यावर 261 माणसे होती, 186 वाचली.

पुढच्या तासाला आम्ही परातीत मेणाची भिंत घातली. परात सावरली. तेवढ्यात एका मुलीने विचारले, "सर, भिंतीतून वायर न्यायची असेल तर?" सजावटीच्या कामात नेमके हेच घडते, वायरी आणि नळांसाठी पाडलेली भोके नीट बुजवली नाहीत, तर कप्पा नावापुरताच उरतो. तिनेच खिळ्याने भोक पाडले. पाणी पलीकडे जायला वेळ लागला, पण गेले.