न दाखवलेल्या मुलीचा चेहरा

लोकप्रिय चित्रमालिका दूरचित्रवाणीवर आणण्याचे काम वरवर पाहता सोपे वाटते. कादंबरीवरून चित्रपट करायचा झाला तर नायक कसा दिसतो इथपासून सारे नव्याने ठरवावे लागते. चित्रमालिकेत हे सगळे आधीच ठरलेले असते. चेहरे तयार, पोशाख तयार, प्रसंगांची मांडणी चौकटीगणिक तयार, आणि संवाद तर फुग्यांत लिहूनच ठेवलेले. मग चित्रांना तेवढे हलते करायचे उरले, असे कोणालाही वाटावे. पण अशा प्रयत्नांचा इतिहास पाहिला तर ही तयारीच मार्गातला मोठा अडसर ठरलेली दिसते. चित्रकाराने कागदावर जे काढले ते सर्वांना दिसते. जे काढले नाही ते प्रत्येक वाचकाने वर्षानुवर्षे आपापल्या परीने भरून काढलेले असते. पात्राचा आवाज, दोन चौकटींमधला वेळ, भिंतीपलीकडचे जग, हे सारे वाचकाचे स्वतःचे असते. दूरचित्रवाणी नेमका त्यालाच हात घालते. या दृष्टीने चार्ल्स शुल्झ यांच्या ‘पीनट्स’चे उदाहरण तपासण्यासारखे आहे, कारण इथे मूळ कलावंत शेवटपर्यंत स्वतः सहभागी होता. ‘परक्यांनी वाट लावली’ ही नेहमीची तक्रार इथे लागू पडत नाही.

‘पीनट्स’ २ ऑक्टोबर १९५० रोजी अमेरिकेतल्या सात वृत्तपत्रांत सुरू झाली. हे नाव वितरक संस्थेने दिलेले होते आणि शुल्झना ते कधीच आवडले नाही. मालिका विकली गेली ती जागा वाचवणारी म्हणून. चार सारख्या आकाराच्या लहान चौकटी असल्यामुळे संपादकाला त्या आडव्या, उभ्या किंवा दोनावर दोन अशा चौरसात, सोयीप्रमाणे लावता येत. एवढ्याशा जागेत तपशील मावणे शक्यच नव्हते. शुल्झनी या अडचणीचीच शैली बनवली. एखादी विटांची भिंत, घराची पायरी, गवताच्या चार काड्या, की झाले नेपथ्य. मोठी माणसे या जगात दिसतच नाहीत. मोठ्या डोक्यांची ही लहान मुले प्रौढांच्या भाषेत एकटेपणाविषयी, अपयशाविषयी, देवाविषयी बोलतात. चार्ली ब्राऊनचा बेसबॉल संघ हरतो, त्याचा पतंग झाडात अडकतो, आणि त्याने लाथ मारण्याच्या क्षणी लूसी चेंडू काढून घेते. पुढच्या वर्षी तो पुन्हा धावत येतो. मालिकेतले हसू या पराभवाच्या पोटातून येते.

हे जग हलते करण्याची पहिली अडचण शब्दशः शारीरिक होती. शुल्झची पात्रे म्हणजे ठरावीक कोनांतून काढलेल्या थोड्याशा रेषा. चार्ली ब्राऊनचे डोके इतके मोठे आणि हात इतके आखूड की त्याला स्वतःचे डोके खाजवायचे म्हटले तरी पंचाईत. अशा डोक्याला त्रिमितीय वस्तूसारखे सावकाश फिरवले तर मधल्या टप्प्यांत ते चार्ली ब्राऊनचे राहतच नाही. हे काम बिल मेलेंडेझ यांच्याकडे आले. मूळचे मेक्सिकोचे मेलेंडेझ डिस्ने आणि वॉर्नर या दोन्ही स्टुडिओंत काम करून नंतर यूपीए या स्टुडिओत रुळलेले होते. वास्तवाची नक्कल सोडून सपाट, मोजक्या रेषांचे ॲनिमेशन करणे ही यूपीएची ओळख. १९५९ मध्ये फोर्ड कंपनीच्या जाहिरातींसाठी त्यांनी ही पात्रे पहिल्यांदा हलवली. मान वळवायची असेल तर ती हळूहळू न वळवता एका ओळखीच्या कोनातून दुसऱ्या ओळखीच्या कोनात झटकन न्यायची, अशी त्यांची रीत होती. म्हणजे हालचाल दाखवतानाही शुल्झचे मूळ चित्र मोडायचे नाही. शुल्झना त्यांचे काम पटले, ते याच संयमामुळे.

पुढची हकीकत निर्माते ली मेंडेल्सन यांच्यापासून सुरू होते. विली मेज या थोर बेसबॉलपटूवर १९६३ मध्ये माहितीपट केल्यावर, आता जगातल्या सर्वांत वाईट खेळाडूवर एक करावा, अशा कल्पनेने ते चार्ली ब्राऊनकडे वळले. शुल्झवरचा तो माहितीपट कोणत्याही वाहिनीने घेतला नाही. पण एप्रिल १९६५ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर ‘पीनट्स’ची पात्रे झळकली आणि कोका-कोलाच्या जाहिरात संस्थेकडून नाताळच्या कार्यक्रमाविषयी विचारणा आली. काही दिवसांत आराखडा गेला, होकार आला, आणि अर्ध्या तासाचा चित्रपट पुरा करायला जेमतेम सहा महिने उरले. पैसाही बेताचा होता.

या घाईत घेतलेले निर्णय पाहिले की त्यांतून एक सूत्र हाती लागते. आवाजांचा प्रश्न आला तेव्हा खऱ्या मुलांना बोलावले गेले. मुलांच्या भूमिकांना प्रौढ कलाकारांनी आवाज देण्याची प्रथा त्या काळी रूढ होती. सॅलीचा आवाज देणारी मुलगी तर इतकी लहान होती की तिला नीट वाचता येत नव्हते. वाक्ये तुकड्यातुकड्यांनी तिच्याकडून म्हणवून घेऊन नंतर जोडली गेली. त्यामुळे बोलण्यात चमत्कारिक ठेच आली. शब्द कळतात पण त्यांचे ओझे कळत नाही, अशा स्वरात मुले खिन्नतेची वाक्ये उच्चारू लागली. कागदावर प्रौढ शब्द आणि बालिश चेहरा यांत जो ताण होता, तो ध्वनीत असा उतरला. एखाद्या तरबेज नटाने ती वाक्ये अर्थपूर्ण करून म्हटली असती तर त्यांतला अर्थच गेला असता.

स्नूपीची अडचण वेगळी होती. वृत्तपत्रात तो बोलत नाही, पण विचार करतो, आणि त्याच्या विचारांचे फुगे हा मालिकेचा मोठा आनंद होता. पडद्यावर विचाराला आवाज द्यायचा म्हणजे कुत्र्याला बोलते करणे. तसे केले गेले नाही. मेलेंडेझ यांनी स्वतःच्याच आवाजातले निरर्थक ध्वनी वेगाने वाजवून स्नूपीचे हसणे, कण्हणे, कुरकुरणे तयार केले. यात एक विचारी, काहीसा आत्ममग्न स्नूपी हरवला हे मान्य करायला हवे. त्याच्या जागी मूकपटातल्या विदूषकाची आठवण देणारा स्नूपी आला. हे नुकसान त्यांनी जाणूनबुजून पत्करले.

तिसरा प्रश्न वेळेचा होता. वाचक आपल्या गतीने वाचतो. शुल्झच्या चार चौकटींत तिसरी चौकट अनेकदा निःशब्द असते. पात्रे नुसती उभी असतात, आणि त्या शांततेमुळे चौथ्या चौकटीतले वाक्य नेमके लागते. दूरचित्रवाणीला शांततेचे भय वाटते. ‘फ्लिंटस्टोन्स’सारख्या ॲनिमेशन मालिकेतही त्या काळी पार्श्वभूमीला हशा वाजवला जाई, आणि या चित्रपटातही तो असावा अशी सूचना झाली. शुल्झनी ती ठाम शब्दांत नाकारली. कुठे हसायचे हे प्रेक्षकाला त्याचे त्याला कळू द्यावे, हा त्यांचा आग्रह. तसाच आग्रह नाताळच्या गोष्टीविषयी. बाजारू झालेल्या सणाने उदास झालेला चार्ली ब्राऊन या सणाचा अर्थ कोणाला ठाऊक आहे का असे विचारतो, आणि लायनस रंगमंचाच्या मध्यभागी येऊन लूकच्या शुभवर्तमानातला उतारा शांतपणे म्हणतो. करमणुकीच्या कार्यक्रमात बायबल वाचून दाखवणे सहकाऱ्यांना धाडसाचे वाटत होते. शुल्झ हटले नाहीत. सणाच्या बाजारीकरणावर टीका करणाऱ्या या चित्रपटाला पैसे पुरवणारी कंपनी शीतपेयाची होती, हा विरोधाभासही इथे नोंदवला पाहिजे.

तयार चित्रपट पाहून सीबीएस वाहिनीचे अधिकारी नाराज झाले. गती संथ, आवाज हौशी, संगीत विचित्र. पण वेळापत्रक ठरून गेले होते. ९ डिसेंबर १९६५ रोजी ‘ए चार्ली ब्राऊन ख्रिसमस’ प्रसारित झाला आणि त्या वेळी अमेरिकेत चालू असलेल्या दूरचित्रवाणी संचांपैकी जवळजवळ निम्म्या संचांवर तो पाहिला गेला. एमी आणि पीबडी हे दोन्ही मानाचे पुरस्कार त्याला मिळाले.

या यशाचे कारण ‘मूळ कृतीशी प्रामाणिकपणा’ असे एका शब्दात सांगितले जाते. ते अपुरे आहे. या चित्रपटात एक गोष्ट अशी आहे की जिचा मूळ मालिकेत मागमूसही नाही. व्हिन्स ग्वाराल्डी यांचे जॅझ पियानोवादन. वृत्तपत्रातला श्रोडर बेथोव्हेनचा निस्सीम भक्त. त्याच्या डोक्यावर शुल्झ खऱ्या स्वरलिपी काढत. जॅझ हा त्याच्या जगाबाहेरचा प्रकार. तरीही तो पियानो या मुलांच्या चालीला, त्यांच्या हुरहुरीला असा चपखल बसला की पुढे मालिका वाचतानाही तो ऐकू यावा. म्हणजे रूपांतरात भर घालायला हरकत नसते. ती भर वाचकाच्या रिकाम्या जागेवर चढाई करते की त्या जागेला सोबत करते, हे पाहावे लागते. ग्वाराल्डींचे सूर काही समजावून सांगत नाहीत. निःशब्द चौकटीचे काम ते पडद्यावर करतात.

पुढची एकदोन वर्षे हा तोल टिकला. १९६६ च्या ‘ग्रेट पंपकिन’मध्ये पहिल्या महायुद्धातला वैमानिक झालेला स्नूपी शत्रूच्या मुलखातून चालत जातो, तो लांबलचक भाग जवळजवळ शब्दावाचून आहे. १९६७ मध्ये शिक्षिकेच्या बोलण्याचा प्रसंग आला तेव्हा ट्रॉम्बोनचा घोगरा, अस्फुट आवाज वापरला गेला. मोठी माणसे अदृश्य ठेवण्याच्या शुल्झच्या युक्तीला ध्वनीतले इतके नेमके प्रतिरूप क्वचितच सापडेल.

पण १९७७ मध्ये ‘इट्स युअर फर्स्ट किस, चार्ली ब्राऊन’ आला. लाल केसांची मुलगी ही चार्ली ब्राऊनची अबोल प्रीती. १९६१ पासून तिचा उल्लेख येतो, पण शुल्झनी वृत्तपत्रात तिचा चेहरा कधीच काढला नाही. चार्ली ब्राऊन बाकावर बसून चौकटीबाहेर पाहतो, आणि तिथे प्रत्येक वाचकाला आपापली कोणीतरी दिसते. पडद्यावर मात्र ती समोर आली. तिला चेहरा मिळाला, हेदर हे नाव मिळाले, आणि चार्ली ब्राऊनने तिच्या गालाचे चुंबनही घेतले. हे लिहिणारे शुल्झच होते आणि निर्मितीतही मेलेंडेझच. १९८५ च्या संगीतिकेवर आधारलेल्या चित्रपटात स्नूपीच्या विचारांनाही आवाज मिळाला. १९८८ मध्ये सुरू झालेल्या अमेरिकेच्या इतिहासावरील मालिकेत तर मोठी माणसे राजरोस वावरू लागली.

असे का व्हावे? पैशाचा मोह हे सोपे उत्तर आहे, पण मला ते पटत नाही. खरे कारण दोन माध्यमांच्या कालमानात असावे. वृत्तपत्रातली मालिका रोज संपते आणि कधीच संपत नाही. आजचा पराभव उद्याच्या आशेला पुसत नाही. तिथे चार्ली ब्राऊन दशकानुदशके त्या मुलीकडे नुसता पाहू शकतो. ती अपूर्णता हेच त्या गोष्टीचे पूर्णत्व आहे. अर्ध्या तासाच्या चित्रपटाला मात्र आरंभ हवा, घटना हवी, शेवट हवा. दरवर्षी नवा चित्रपट हवा म्हटल्यावर जे राखून ठेवले होते तेच विषय म्हणून खर्च होऊ लागते. १९६५ मध्ये वेळ आणि पैसा नव्हता म्हणून बरेच काही वगळावे लागले. पुढे सारे दाखवणे शक्य झाले. वृत्तपत्रात मात्र शुल्झनी आपली शिस्त सोडली नाही. १९९८ मध्ये ती मुलगी एकदा चौकटीत आली, तीही केवळ काळ्या छायाकृतीच्या रूपात.

इतरांनी वेगळे मार्ग धरले. ‘टिनटिन’ची १९९१-९२ मधली दूरचित्रवाणी मालिका एर्झे यांच्या पुस्तकांतल्या चौकटी जवळजवळ समोर ठेवून केलेली आहे. एकवीस कथांचे एकोणचाळीस भाग. तिथे कथा मुळातच घटनाप्रधान आणि सलग, त्यामुळे ही निष्ठा बऱ्याच अंशी साधली. याउलट ‘कॅल्विन अँड हॉब्स’चे बिल वॉटर्सन यांनी १९८५ ते १९९५ या दहा वर्षांत आणि नंतरही दूरचित्रवाणीला होकार दिला नाही. हॉब्स खरा वाघ की कापडी खेळणे, हा प्रश्न कागदावर दोन चौकटींच्या मधल्या फटीत सुखाने नांदतो. पडद्यावर त्या दोन रूपांमधला क्षण दाखवावा तरी लागतो किंवा लपवावा तरी लागतो.

शुल्झ १२ फेब्रुवारी २००० रोजी वारले आणि शेवटची रविवारची मालिका दुसऱ्या दिवशी, १३ फेब्रुवारीला प्रसिद्ध झाली. आपल्यानंतर ती दुसऱ्या कोणी काढू नये, ही त्यांची इच्छा पाळली गेली. पडद्यावरचे चार्ली ब्राऊन आणि स्नूपी मात्र थांबले नाहीत. नव्या निर्मात्यांच्या हाती ते नवनव्या रूपांत येत राहिले. ज्यांची या मुलांशी पहिली भेट पडद्यावर झाली त्यांच्यासाठी क्रम उलटा आहे. पुस्तक उघडले की त्यांना आवाज आधीच ठाऊक असतात. अशा वाचकाने लाल केसांच्या मुलीविषयीच्या जुन्या चौकटी जरूर काढून पाहाव्यात. बाक आहे, डबा आहे, एकटा मुलगा आहे, आणि तो जिकडे पाहतो आहे तिकडे कागद संपतो.