पळीभर तेल आणि फुकटातलं गणित

गणिताचे, विज्ञानाचे शोधनिबंध नेटवर फुकट कुठे मिळतील, असं भाचेकंपनीपैकी कुणीतरी अधूनमधून विचारतं. मी १९९१ पासून चालू असलेलं 'आर्काइव्ह' सांगतो, बंगलोरच्या इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसची 'प्रमाण' आणि 'रेझोनन्स' सांगतो. आणि मग, समोरच्याची इच्छा असो वा नसो, पाटण्याची गोष्ट सांगतो!

चाळीसगावजवळची पाटणादेवी आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलीय. पावसाळ्यात धबधबा, फोटो, परत. पण तिथे सापडलेल्या शिलालेखाची आठवण किती जणांना असते? भास्कराचार्यांचा नातू चांगदेव (आपले तापीकाठचे योगी चांगदेव नव्हेत) हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने इथे मठ काढला. १२०७ साली निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने मठाला दान दिलं, त्याचा हा लेख. वंशाची थोरवी संस्कृतात, पण देण्याघेण्याचा तपशील चक्क मराठीत. बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा कर मठाला, आणि दर तेलघाण्यामागे पळी पळी तेल. ज्यांच्याकडून घ्यायचं त्यांना कळावं म्हणून मराठी, असा आपला माझा अंदाज. म्हणजे सिद्धांतशिरोमणी शिकायला बसणाऱ्या पोरामागे पाटण्याचे तेली आणि गिऱ्हाइकं उभी होती. मला तर ही पळी लीलावतीच्या दंतकथेपेक्षा जास्त आवडते.

आता गंमत बघा. हा लेख उजेडात आणला मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाडांनी, आणि तो छापला गेला १८६५ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या जर्नलात. पुढे कीलहॉर्नचं वाचन 'एपिग्राफिया इंडिका'च्या पहिल्या खंडात आलं. दगड आपला, पण तो वाचायचा तर धुळ्याच्या माणसाने मुंबई-पुण्याचं मोठं ग्रंथालय गाठायचं! आज ते दोन्ही जुने अंक स्कॅन होऊन नेटवर आहेत. मी घरी बसून वाचले, एक पैसा न देता.

नव्या संशोधनाचं मात्र एवढं सोपं नाही. २०२५ पासून सरकारने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' सुरू केलं: तीन वर्षांचे ६,००० कोटी, सुमारे १३,००० जर्नलं. पळीचाच मोठा अवतार म्हणा ना. पण ती सोय सरकारी संस्थांत शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांना. धुळ्यातले निवृत्त गणिताचे सर किंवा अमळनेरात घरी शिकवण्या घेणारी एमएस्सी झालेली मुलगी यांच्यापुढे कुलूप तसंच. काही जर्नलं वाचकाला फुकट असतात, पण लेखकाकडून भरमसाठ फी घेतात. तेही मला पटत नाही.

असो. भाच्याला सांगून ठेवलंय, निबंध कुलपात दिसला तर आधी लेखकाच्या नावाने 'आर्काइव्ह'वर शोध. नाहीच मिळाला तर सरळ लेखकाला दोन ओळींची मेल टाक. बरेच जण आनंदाने पाठवतात.