बासष्टच्या पराभवाचा जाब

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने नामका चू आणि लडाख या दोन्ही आघाड्यांवर हल्ला चढविला. त्याआधी आठच दिवस, सिलोनला निघताना, आपला प्रदेश मोकळा करण्याचा आदेश सैन्याला दिला असल्याचे पंतप्रधान नेहरूंनी पत्रकारांना सांगितले होते. ज्यांना हा आदेश होता त्यांतील कित्येक जवान हिमालयाच्या त्या थंडीत सुती गणवेशात उभे होते. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकलेले ब्रिगेडियर जॉन दळवी त्यांचे प्रमुख. २२ तारखेला ते चिन्यांच्या कैदेत पडले. सरकारी आकड्यांनुसार त्या युद्धात १३८३ जवान मृत्युमुखी पडले, १६९६ बेपत्ता झाले.

याचा जाब कोणी द्यायचा? संसदीय पद्धतीत सैन्याविषयीचे उत्तर सेनापती देत नाही, मंत्री देतो. एप्रिल १९५७ पासून ते मंत्री होते व्ही. के. कृष्ण मेनन. १९५९ साली लष्करप्रमुख जनरल थिमय्यांनी मेनन यांच्याशी न पटल्याने राजीनामा दिला आणि नेहरूंच्या शब्दाखातर मागे घेतला. नंतर संसदेत नेहरूंनी दोष दिला तो थिमय्यांना! आचार्य कृपलानींनी १९६१ साली लोकसभेत मेनन यांच्यावर कडाडून हल्ला केला आणि पुढच्या वर्षी उत्तर मुंबईत त्यांच्याविरुद्ध निवडणूकही लढविली. मेनन प्रचंड मतांनी विजयी झाले.

आमच्या मते गाडे येथेच घसरले. कृपलानींचे काही आक्षेप रास्त होते. परंतु प्रश्न सैन्याचा न राहता एका मनुष्याचा झाला. एका बाजूला त्याचे डोके हवे होते, दुसरीला ते वाचवायचे होते. ब्लँकेटे, बूट, दारूगोळा, रस्ते यांची चौकशी या गदारोळात मागे पडली. शिवाय एक इंचही भूमी सोडू नका, असा धोशा याच सभागृहाने लावला होता. त्या दडपणाखाली सरकारने पुढे पुढे चौक्या उभारल्या. त्या चौक्यांना रसद कशी पोहोचणार, हे विचारणारे थोडे निघाले.

पराभव दिसू लागताच काँग्रेसचेच खासदार मेनन यांच्यावर उलटले. ३१ ऑक्टोबरला संरक्षण खाते गेले, ७ नोव्हेंबरला मंत्रिपद. लेवीयच्या सोळाव्या अध्यायात लोकांची पापे डोक्यावर घेऊन रानात जाणाऱ्या बकऱ्याची येथे आठवण होते. मात्र तो बकरा निर्दोष होता; मेनन तसे नव्हते. पण ते एकटेही नव्हते.

२१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. त्याच दिवशी यशवंतराव चव्हाणांनी संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला, असे महाराष्ट्र अभिमानाने म्हणू लागला. ऑगस्ट १९६३ मध्ये कृपलानींनी मांडलेला लोकसभेतील पहिला अविश्वास ठराव ६२ विरुद्ध ३४७ मतांनी फेटाळला गेला.

२ सप्टेंबर १९६३ रोजी चव्हाणांनी सभागृहात निवेदन केले. प्रशिक्षण, शस्त्रसामग्री, नेतृत्वव्यवस्था, जवानांची शारीरिक क्षमता आणि सेनाधिकाऱ्यांचा प्रभाव यांतील उणिवा त्यांनी संयमाने सांगितल्या. कोणाच्या उखाळ्यापाखाळ्या काढल्या नाहीत. परंतु हे निवेदन ज्या हेंडरसन ब्रुक्स–भगत अहवालावर आधारलेले होते, त्या चौकशीची कक्षाच लष्करापुरती होती. मंत्र्यांच्या दालनांत काय घडले, हे तपासण्यास त्या दोघा अधिकाऱ्यांना कोणी सांगितले नव्हते. अहवालही सभागृहापुढे आला नाही. २०१० साली संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी, त्यातील मजकूर आजही संवेदनशील असल्याचे संसदेला सांगितले. २०१४ मध्ये नेव्हिल मॅक्सवेल या परदेशी पत्रकाराने त्याचा काही भाग जगापुढे ठेवला.