फलाचा प्रांत : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

१७४८ मध्ये ऑयलर यांनी फलाची व्याख्या वैश्लेषिक सूत्राच्या आधारे केली. त्यामुळे प्रांत वेगळा सांगण्याची गरज भासली नाही. १८२१ मध्ये कोशी यांनी या समजुतीस धक्का दिला : सूत्रे चलाच्या ठरावीक किमतींपुरतीच सत्य असतात. १ + क्ष + क्ष² + … या अनंत श्रेणीची बेरीज १/(१ − क्ष) मानून क्ष = २ घेतल्यास धन पदांची बेरीज −१ येते! १८३७ मध्ये डिरिक्ले यांनी एकाच सूत्राची अट दूर करून अंतरालातील प्रत्येक किमतीशी एक निश्चित किमत निगडित केली. साहजिकच प्रांत हा फलाचाच घटक ठरला. क्ष² या फलास सर्व वास्तव संख्यांवर व्यस्त फल नाही. अऋण संख्यांवर मात्र आहे. म्हणून जेथे निष्कर्ष प्रांतानुसार बदलतो, तेथे अध्यापकांनी तो आरंभीच नमूद करणे अगत्याचे आहे.