राजदूत चालतो, राष्ट्राध्यक्ष चालत नाही: बॉस्नियातल्या ‘इतर’ लोकांची गोष्ट

आज आपण जाणार आहोत बॉस्नियाला. युद्धाबद्दल थोडंच बोलू, कारण आजचा खरा विषय आहे युद्ध थांबल्यानंतरचा. शांतता करारात जे दोन-तीन मोठे गट एकमेकांशी लढले, त्यांची नावं येतात. मग जे कुठल्याच गटात नव्हते, त्यांचं काय होतं?

आधी पटकन बॅकग्राउंड. युगोस्लाव्हिया फुटला आणि १९९२ मध्ये बॉस्नियात युद्ध पेटलं. तिथे तीन मोठे समाज: बॉस्नियाक, म्हणजे बहुतेक मुस्लिम, सर्ब, म्हणजे ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन, आणि क्रोएट, म्हणजे कॅथलिक. बोलायला गेलं तर एकमेकांची भाषा आरामात कळते. तरी साडेतीन वर्षांत सुमारे १ लाख माणसं गेली आणि जवळपास २० लाख लोकांना घर सोडावं लागलं. जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनिकात ८ हजारांहून जास्त बॉस्नियाक पुरुष आणि मुलं मारली गेली.

नोव्हेंबर १९९५ मध्ये अमेरिकेत, डेटन शहराजवळच्या हवाई तळावर वाटाघाटी होऊन करार ठरला. डिसेंबरमध्ये पॅरिसला सह्या झाल्या. आता बघा, देशाचं संविधान म्हणजे याच कराराचं चौथं परिशिष्ट! त्यानुसार राष्ट्राध्यक्ष एक नाही, तीन: एक बॉस्नियाक, एक क्रोएट, एक सर्ब. संसदेच्या वरच्या सभागृहात १५ जागा, प्रत्येक समाजाला ५. शिवाय आपल्या समाजाच्या हिताला धक्का बसतोय असं वाटलं तर कायदा अडवायचा अधिकार.

हे असं का केलं, ते समजून घ्यायला हवं. ज्याने घरची माणसं गमावलीत, त्याला ‘चला, आता बहुमताने ठरवू’ म्हणून चालत नाही. आपण संख्येने कमी पडलो तर पुन्हा चिरडले जाऊ, ही भीती खरी होती. या व्यवस्थेने बंदुका थांबवल्या, हेही खरं.

पण संविधानाच्या प्रस्तावनेत या तीन नावांनंतर कंसात एक शब्द येतो: ‘इतर’. म्हणजे रोमा, ज्यू, आणि ‘मी फक्त या देशाचा नागरिक’ असं म्हणणारे सगळे.

आता याकोब फिन्त्सी यांची गोष्ट ऐका. हे ज्यू. त्यांचा जन्म १९४३ चा, राब बेटावरच्या इटालियन छळछावणीतला. सारायेवोत ज्यू लोक सोळाव्या शतकापासून राहतात. १९९२ नंतर शहराला वेढा पडला, तेव्हा फिन्त्सी ‘ला बेनेव्होलेन्सिया’ या ज्यू मदतसंस्थेचं काम बघत होते. ही संस्था धर्म न विचारता सगळ्यांना जेवण आणि औषधं देत होती. पुढे ते स्वित्झर्लंडमध्ये बॉस्नियाचे राजदूत झाले.

मात्र २००७ मध्ये निवडणूक आयोगाने त्यांना लेखी कळवलं की तुम्ही ज्यू आहात, त्यामुळे राष्ट्राध्यक्षपदासाठी किंवा वरच्या सभागृहासाठी उभे राहू शकत नाही. म्हणजे परदेशात देशाचा चेहरा व्हायला चालतं, देशात उमेदवार व्हायला नाही!

फिन्त्सी आणि रोमा समाजाचे देर्वो सेयदिच स्ट्रासबर्गच्या युरोपियन मानवाधिकार न्यायालयात गेले आणि २२ डिसेंबर २००९ ला जिंकले. न्यायालयाने डेटनला सरसकट वाईट ठरवलं नाही. तेव्हा शांतता आणणं गरजेचं होतं हे मान्य केलं. पण परिस्थिती सुधारली, तरी हे लोक पूर्ण बाहेरच का, हा प्रश्न विचारला आणि हा भेदभाव आहे असं सांगितलं. गंमत म्हणजे, युरोपियन मानवाधिकार कराराला इतर सगळ्या कायद्यांपेक्षा वरचं स्थान आहे, असं त्याच संविधानात लिहिलंय.

मग बदल झाला? नाही. देशाच्या संविधानातली ती अट अजून तशीच आहे. कारण सोपं आहे: बदल करायचा तर संसदेची मान्यता लागते, आणि तिथे बसलेले बरेच नेते याच व्यवस्थेवर निवडून येतात. आमच्या कोडिंगच्या दुनियेत म्हणतात तसं, टेम्पररी पॅचइतकं पर्मनंट काही नसतं.

आणि हे फक्त ज्यू-रोमांपुरतं नाही. २०१४ मध्ये याच न्यायालयात एक बाई जिंकल्या. त्यांनी स्वतःची जात-जमात सांगायलाच नकार दिला होता. २०१६ मध्ये एक बॉस्नियाक गृहस्थ जिंकले. ते सर्बबहुल भागात राहतात, आणि तिथून राष्ट्राध्यक्षपदाला फक्त सर्ब उमेदवार चालतो!

काही गावांत तर आजही एका इमारतीत दोन शाळा भरतात, बॉस्नियाक मुलांची वेगळी आणि क्रोएट मुलांची वेगळी. यायत्से गावात अशी आणखी एक वेगळी शाळा निघणार होती. तिथली मुलंच २०१७ च्या सुमाराला रस्त्यावर उतरली आणि तो बेत थांबला.

मला यातून एक गोष्ट दिसते. गटांना संरक्षण दिलं की युद्ध थांबतं. पण ते संरक्षण कायमचं झालं की माणसाला आधी गट निवडावा लागतो, मग हक्क मिळतात. करार करतानाच ‘हे पुन्हा कधी तपासायचं’ याची तारीख लिहायला हवी. डेटनमध्ये ती लिहिली नाही, आणि तिची किंमत ‘इतर’ आजही मोजतायत.

तुम्हाला काय वाटतं, नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!